पीडीएफची पाने वेगळी करताना आपला भाव परक्याच्या हाती जाऊ नये

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात कारखान्यांना माल पुरवणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे काम आता निम्मे मालाचे आणि निम्मे कागदाचे झाले आहे. आम्ही कापडवाले. गणवेशाचे कापड, शिवलेले बॉयलर सूट, ॲप्रन, मशीन पुसण्याच्या चिंध्या असा आमचा माल. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीहून तागे येतात आणि येथून कारखान्यांच्या गेटवर जातात. एके काळी चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आठवत असे. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. मोठ्या कारखान्यांच्या मागोमाग त्यांना सुटे भाग देणारे आले, त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे आले. त्या वेळी बिलाचे पुस्तक, चलनाचे पुस्तक आणि गेटवरचा शिक्का एवढ्यावर काम भागत होते. आज तोच हिशेब पीडीएफच्या स्वरूपात मागितला जातो, आणि तोही प्रत्येक कंपनीला तिच्या पद्धतीने हवा असतो.

या लेखात एका लहानशा पण रोजच्या गरजेची माहिती द्यायची आहे. मोठ्या पीडीएफ फाईलमधून हवी तेवढीच पाने वेगळी कशी काढावीत, आणि ते करताना आपले कागद कोणा अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर जाणार नाहीत याची खात्री कशी करावी, हा विषय आहे. वाचकांपैकी पुष्कळांची मुले हे काम मोबाईलवर चुटकीसरशी करून देत असतील. पण फाईल कोठे जाऊन परत आली हे मुलांना विचारून पाहावे. बहुतेकांना सांगता येत नाही.

आधी गरज कोठे पडते ते पाहू. महिन्याच्या शेवटी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सर्व बिले एकदम काढली की चाळीस-पन्नास बिलांची एकच फाईल तयार होते. कंपनीच्या खरेदी विभागाला मात्र दर बिलाची वेगळी फाईल हवी असते. बिल, त्यामागे चलन, त्यामागे गेटवर माल आत घेतल्याचा शिक्का, एवढे एकत्र आणि बाकी काही नको. व्हेंडर म्हणून नाव नोंदवताना पॅन, जीएसटीचे प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, गोदामाचा भाडेकरार वेगवेगळ्या खान्यांत चढवावे लागतात आणि प्रत्येक खान्याला आकाराची मर्यादा असते. मजूर पुरवणारे जे ठेकेदार बांधव आहेत त्यांची अडचण तर आमच्यापेक्षा मोठी आहे. त्यांना दर महिन्याला भविष्य निर्वाह निधीचे विवरण कंपनीला दाखवावे लागते आणि त्या विवरणात सर्व कामगारांची नावे, त्यांचे यूएएन नंबर आणि पगार असतात. एका कंपनीत वीस माणसे आणि दुसरीत तीस माणसे असतील, तर पहिल्या कंपनीला पन्नास माणसांचा पगार का दिसावा?

व्यापारात भाव ही अमानत आहे. एका गिऱ्हाइकाला दिलेला भाव दुसऱ्याला कळता कामा नये, हे आपल्याकडे शिकवून सांगावे लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या माणसाने एका कंपनीला महिन्याची अख्खी फाईल जशीच्या तशी ईमेल केली. त्यात दुसऱ्या कंपनीची बिले होती. तेच कापड त्या दुसऱ्या कंपनीला मीटरमागे चार रुपये कमी भावाने गेले होते, कारण ती आगाऊ पैसे देत होती आणि ही नव्वद दिवसांनी. खरेदी अधिकाऱ्याने उधारीचा मुद्दा बाजूला ठेवला आणि चार रुपये मात्र धरून ठेवले. वर्षभर तोच भाव द्यावा लागला.

आता ही पीडीएफ म्हणजे काय चीज आहे ते थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. अमेरिकेतील अडोबी या कंपनीने १९९३ मध्ये हा प्रकार बाजारात आणला. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, म्हणजे त्याचे नियम सर्वांना खुले झाले. म्हणूनच आज कोणीही पीडीएफ उघडणारा किंवा तोडणारा प्रोग्राम लिहू शकतो. याचा मोठा गुण असा की अक्षरांचे वळण फाईलच्या पोटातच ठेवता येते. मराठी असो वा नस्तालीक उर्दू, आपल्या कॉम्प्युटरवर जसे दिसते तसेच समोरच्याच्या कॉम्प्युटरवर दिसते, त्याच्याकडे ती अक्षरे असोत वा नसोत.

फाईलच्या आत पाने सलग गुंडाळलेली नसतात. मजकूर, चित्रे, अक्षरांचे संच असे सुटे सुटे गठ्ठे असतात, आणि शेवटी एक यादी असते की अमुक गठ्ठा अमुक ठिकाणी सापडेल. वाचणारा प्रोग्राम आधी फाईलच्या शेवटी जातो, यादी पाहतो आणि मग हवे ते पान उचलतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाल्यामुळे, ज्याला इतर लोक शेवट म्हणतात तेथून पुस्तक उघडायची आम्हाला सवय आहे. त्यामुळे हा कारभार आम्हाला मुळीच विचित्र वाटला नाही. तर पाने वेगळी करणे म्हणजे मूळ यादीतून हव्या त्या पानांचे गठ्ठे उचलून नव्या फाईलमध्ये ठेवणे आणि त्यांची नवी यादी लिहिणे. ताग्यातून कापड फाडले की तागा तेवढा कमी होतो. येथे तसे होत नाही, मूळ फाईल जशीच्या तशी राहते. म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नये.

इंटरनेटवर 'पीडीएफ फुकट तोडून मिळेल' असे सांगणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात आपली फाईल आपल्या कॉम्प्युटरवरून निघून त्यांच्या कॉम्प्युटरवर जाते, तेथे तोडली जाते आणि तुकडे परत येतात. यातील नावाजलेल्या कंपन्या एक-दोन तासांत फाईल पुसून टाकू असे लिहून देतात आणि त्या तसे करतही असतील. परंतु ते पाहायला आपण तेथे नसतो. बिननावाच्या ठिकाणांचे तर विचारूच नये. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने लोकांना इशारा दिला होता की फुकट फाईल बदलून देणाऱ्या काही ठिकाणांमार्फत कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्राम घुसवले जातात आणि फाईलमधील माहितीही चोरली जाते.

दुसऱ्या प्रकारात फाईल बाहेर जातच नाही. त्या पानाबरोबर एक छोटा प्रोग्राम आपल्या ब्राउझरमध्ये उतरतो, फाईल आपल्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत उघडली जाते, तेथेच तोडली जाते आणि तुकडे आपल्याच डाउनलोडच्या कप्प्यात पडतात. म्हणजे शिंपी आपल्या दुकानात येऊन, आपल्या टेबलावर कापड बेतून देऊन निघून जातो. कापड त्याच्या घरी जात नाही. ब्राउझरमध्ये एवढी ताकद आली आहे यावर जुन्या लोकांचा विश्वास बसत नाही. पण २०११ मध्ये मोझिला संस्थेने ब्राउझरच्याच भाषेत पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम लिहायला घेतला आणि २०१३ पासून तो फायरफॉक्समध्ये आपोआप येऊ लागला. २०१७ पर्यंत वेबअसेम्ब्ली नावाची सोय सर्व मोठ्या ब्राउझरांत आली आणि जड कामेही ब्राउझरमध्ये होऊ लागली. शे-दोनशे पानांची फाईल तोडणे हे आता साध्या कॉम्प्युटरलाही काही सेकंदांचे काम आहे.

हे ठिकाण खरोखर दुसऱ्या प्रकारचे आहे की केवळ तसे लिहिले आहे, हे कसे ओळखावे? कोणी 'आपली फाईल सुरक्षित आहे' असे मोठ्या अक्षरांत लिहिले म्हणून मानण्याचे कारण नाही. कापड शंभर टक्के सुती आहे असे गिरणीवाल्याने सांगितले तरी आपण धागा जाळून पाहतोच. येथेही तशीच परीक्षा आहे आणि ती फुकट आहे.

ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. त्यात ते पान उघडावे. आधी एखादी बिनमहत्त्वाची फाईल, जुने जाहिरातपत्रक वगैरे, तोडून पाहावी. ही पायरी गाळू नये, कारण काही ठिकाणी तोडणारा प्रोग्राम बटण दाबल्यावरच उतरतो. इंटरनेट आधीच बंद केले तर चांगले ठिकाणही अडखळते आणि आपण उगाच त्याला दोष देतो. बिनमहत्त्वाची फाईल तुटली की वाय-फाय बंद करावे किंवा वायर काढावी. मोबाईलवर एरोप्लेन मोड लावावा. मग पानाला हात न लावता, म्हणजे ते पुन्हा नव्याने न उघडता, आपली खरी फाईल द्यावी. इंटरनेट नसतानाही फाईल तुटली तर काम आपल्याच कॉम्प्युटरवर झाले हे उघड आहे. तुटली नाही, चक्र फिरत राहिले, तर ते ठिकाण पहिल्या प्रकारचे आहे असे धरून चालावे आणि त्याला सलाम करावा. काम झाल्यावर तुकडे जतन करून आधी त्या खासगी खिडक्या सर्व बंद कराव्यात आणि मगच इंटरनेट सुरू करावे. याचे कारण असे की लबाड प्रोग्राम फाईल धरून ठेवून इंटरनेट परत येताच पाठवू शकतो. खासगी खिडकी बंद केली की तिने साठवलेले सर्व पुसले जाते. खासगी खिडकीचा आणखी एक फायदा आहे. ब्राउझरला जोडलेली इतर लहानमोठी साधने, ज्यांना एक्स्टेंशन म्हणतात, ती क्रोमच्या या खिडकीत आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. पानावर काय चालले आहे ते वाचण्याची मुभा अशा साधनांना पुष्कळदा आपणच देऊन बसलेलो असतो.

परंतु आमच्या अनुभवाने सांगायचे तर लहान कामाला या कुठल्याच ठिकाणाची गरज नाही. आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय आधीपासून आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरवरील पीडीएफ फाईल क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये ओढून सोडावी, ती तेथे उघडते. मग कंट्रोल आणि पी ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे छपाईची चौकट येते. प्रिंटरच्या नावाच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडावे. पानांच्या जागी 'कस्टम' निवडून हवी ती पाने लिहावीत. सलग पानांसाठी मध्ये आडवी रेघ आणि सुट्या पानांसाठी स्वल्पविराम, जसे की ४-६, ९. आकडे मात्र इंग्रजीत टाकावेत. सेव्ह दाबले की एवढ्याच पानांची नवी फाईल आपल्या कॉम्प्युटरवर तयार होते. हे सर्व इंटरनेट बंद ठेवूनही होते. अँड्रॉइड मोबाईलवरही प्रिंटचा पर्याय घेऊन, प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडून पाने ठरवता येतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. येथे पान नंबर म्हणजे कागदावर छापलेला नंबर नव्हे. फाईलमध्ये ते कितवे पान आहे तो आकडा धरला जातो. भाडेकरारावर आधी दोन पाने पावतीची असतील तर करारावर '१' छापलेले पान फाईलमध्ये तिसरे असते.

छपाईच्या या रस्त्याचा एक तोटा आहे आणि तो ठेकेदार व गोदामवाल्यांनी नीट समजून घ्यावा. ज्या कागदावर डिजिटल सही आहे, त्याची सही या रस्त्याने उरत नाही. सहीचा चौकोन दिसतो, पण ते नुसते चित्र असते. खरे पाहता कुठल्याही साधनाने पाने वेगळी केली तरी हेच होते, कारण डिजिटल सही ही फाईलच्या विशिष्ट मजकुराला केलेली असते आणि मजकुरात फरक पडला की ती जुळत नाही. म्हणून डिजिटल सहीचा सातबारा, सहीचे प्रमाणपत्र किंवा सही केलेला करार जेथे पुरावा म्हणून द्यायचा असेल तेथे अख्खी मूळ फाईलच द्यावी, तिला कात्री लावू नये. ई-इन्व्हॉइसचे मात्र तसे नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना, काही सूट दिलेले व्यवसाय सोडता, व्यापाऱ्यांमधील व्यवहारासाठी ते सक्तीचे आहे. त्यावरील क्यूआर कोड हे पानावरचे चित्रच आहे. पान वेगळे केले, कागदावर छापले, तरी तो वाचता येतो. फक्त पान लहान करून छापू नये, नाहीतर कोड दाटतो.

जास्त बिले असतील तर छपाईचा रस्ता कंटाळवाणा होतो. तेव्हा तोडणारे साधन घ्यावे. त्यात 'दर इतक्या पानांनंतर तोडा' असा पर्याय असतो आणि तो फार मोहक आहे. मालाच्या बिलाच्या तीन प्रती ठेवण्याचा जीएसटीचा नियम आहे: मूळ प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपली. चाळीस बिलांची फाईल काढली की एकशे वीस पाने होतात. दर तीन पानांनी तोडा म्हटले की चाळीस फायली तयार. पण समजा सतराव्या बिलात माल जास्त होता आणि त्याची प्रत दोन पानांची झाली. त्या एका बिलाची पाने सहा झाली. आता सतराव्या फाईलमध्ये त्या बिलाची पहिली तीन पाने जातात, अठराव्या फाईलमध्ये त्याच बिलाची उरलेली तीन, आणि अठरावे बिल जाते एकोणिसाव्या फाईलमध्ये. तेथून शेवटपर्यंत प्रत्येक फाईल एका घराने सरकलेली असते. फायलींना यादीप्रमाणे नावे देऊन न पाहता पाठवल्या तर पुढच्या तेवीस कंपन्यांना दुसऱ्याच कोणाचे बिल मिळते. ज्या गुप्ततेसाठी एवढी खटपट केली ती येथेच संपते.

याची तपासणी सोपी आहे. एकूण पाने एकशे तेवीस आणि तुकडे एक्केचाळीस, तर बिले चाळीस कशी? तोडण्यापूर्वी पानांची संख्या तीनने भागून बिलांच्या संख्येशी ताडून पाहावी. जुळली नाही तर लांब बिल शोधून काढून वेगळे करावे. जुळली तरी मधला एखादा आणि शेवटचा तुकडा उघडून पाहावा. आम्ही आमच्या मुनीमजींना शेवटचा तुकडा आधी उघडायला सांगतो. घर सरकले असेल तर ते शेवटी नक्की दिसते.

फायलींच्या नावाबद्दल एक व्यावहारिक सूचना. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर सोळा अक्षरांपर्यंतचा असतो आणि त्यात तिरपी रेघ चालते. विंडोजच्या फाईल नावात मात्र तिरपी रेघ चालत नाही. तेथे आडवी रेघ वापरावी आणि नावात गिऱ्हाइकाचे संक्षिप्त नाव टाकावे, म्हणजे ईमेलला जोडताना डोळ्यांना चूक दिसते. नुसते 'स्प्लिट १', 'स्प्लिट २' असे नाव ठेवणे म्हणजे ताग्यांवर चिठ्ठी न लावता गोदामात रचणे होय.

आता तुकड्याच्या आत काही लपून गेले नाही ना, याकडे वळू. काही हलकी साधने पाने फक्त यादीतून काढतात, गठ्ठे मात्र फाईलमध्ये तसेच राहू देतात. दिसायला फाईल दोन पानांची, पण पोटात पन्नास पाने. जाणकार माणूस ती बाहेर काढू शकतो. याची खूण म्हणजे फाईलचा आकार. पन्नास पानांची मूळ फाईल दहा एमबीची आणि दोन पानांचा तुकडाही जवळपास दहा एमबीचा असेल तर काही तरी गडबड आहे. एखादे जड चित्र सर्व पानांत समान असल्यानेही असे होऊ शकते, पण शंका घेतलेली बरी. असा तुकडा वर सांगितलेल्या छपाईच्या रस्त्याने पुन्हा काढावा.

दुसरी तपासणी शोधण्याची. तुकडा उघडून कंट्रोल आणि एफ दाबावे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नाव शोधावे. सापडले नाही तर ठीक. पण स्कॅन केलेल्या कागदात अक्षरे नसून फोटो असतो, त्यात शोध लागतच नाही. तसेच ज्यांचे जुने मराठी कागद श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरसंचात टाईप केलेले आहेत, त्यांनाही मराठीत शोधून बहुधा काही सापडणार नाही, कारण आतून ती इंग्रजी अक्षरे असतात आणि केवळ रूप मराठी असते. अशा ठिकाणी डोळ्यांनीच पान पान पाहावे लागते. फाईलच्या गुणधर्मांत, म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये, शीर्षकाच्या जागी मूळ फाईलचे नाव उरलेले असते तेही पाहून घ्यावे. 'सर्व गिऱ्हाइके भावयादी' असे शीर्षक घेऊन फाईल गेली तर समोरचा पुढची फाईल मागायला मोकळा.

एकाच पानावर दोन गिऱ्हाइकांच्या ओळी असतील तर तोडण्याने काहीच साधत नाही, कारण पान हाच सर्वांत लहान तुकडा. पुष्कळ लोक अशा वेळी नको त्या ओळींवर काळा पट्टा ओढतात आणि निश्चिंत होतात. तो पट्टा फक्त वर ठेवलेला असतो. खालची अक्षरे तशीच असतात, ती निवडून कॉपी केली की दुसरीकडे उमटतात. पान कापून लहान करण्याचेही तेच, कापलेला भाग लपतो, जात नाही. भविष्य निर्वाह निधीच्या विवरणात ही अडचण नेहमी येते, कारण दोन कंपन्यांची माणसे एकाच पानावर असतात. यावर खात्रीचा उपाय जुनाच आहे. कागदावर छापावे, नको त्या ओळींवर कोरी पट्टी ठेवावी, स्कॅन करावे. समोरच्या कंपनीला हे चालेल की नाही ते आधी विचारून घ्यावे. गिऱ्हाइकाच्या खातेउताऱ्याचे मात्र असे करू नये. सॉफ्टवेअरमधूनच त्या एका गिऱ्हाइकाचा उतारा वेगळा काढावा, तोडण्याची वेळच येऊ देऊ नये.

बँकेचे उतारे आणि आधारची फाईल यांना पासवर्ड असतो. बाहेर नेऊन तोडणाऱ्या ठिकाणी अशी फाईल दिली तर ते पासवर्डही मागतात, म्हणजे तिजोरी आणि किल्ली दोन्ही एकाच माणसाच्या हाती. आधारच्या फाईलचा पासवर्ड तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष असा ठरलेला आहे, त्यात लपवण्यासारखे फार नाही. आपल्या ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून फाईल उघडून छपाईच्या रस्त्याने पान काढले तर ते पान बिनकुलपाचे होते, हेही ध्यानात असू द्यावे. आधार द्यायचेच असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारी मास्क केलेली प्रत प्राधिकरणाच्या वेबसाईटवरून मिळते, जेथे चालते तेथे तीच द्यावी. कामगारांचे आधार आणि पगार हे आपल्या हातात असले तरी आपले नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. लहान ठेकेदाराला याची झळ किती लागेल हे आपल्या सल्लागाराला आतापासून विचारून ठेवावे.

आकाराच्या मर्यादेबद्दल दोन शब्द. ए-४ कागद तीनशे डीपीआयवर रंगीत स्कॅन केला की सुमारे सत्त्याऐंशी लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी तीन बाइट धरले तर कच्चा माल सव्वीस एमबीचा. तो दाबून एक एमबीच्या आसपास येतो. बिल, चलन, शिक्का यांना रंगाची गरज नाही. करड्या रंगात आणि दोनशे डीपीआयवर स्कॅन केले तर ठिपके एकोणचाळीस लाखांपर्यंत उतरतात आणि कच्चा माल चार एमबीच्या आत येतो. तेव्हा फाईल चढत नाही म्हणून दाबून बारीक करणारी ठिकाणे शोधण्याऐवजी स्कॅनरचीच सेटिंग बदलावी. ईमेलमध्येही जीमेलची मर्यादा पंचवीस एमबी असली तरी जोडलेली फाईल वाटेत सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून अठरा एमबीच्या पुढे जाऊ नये. बीट्रा किंवा सस्मिराकडून आलेला कापडाच्या तपासणीचा अहवाल पाठवताना मात्र घासाघीस करू नये. त्यातले बारीक आकडे पुसट झाले की माल पुन्हा तपासायला मागतात.

ज्यांना रोज हे काम आहे त्यांनी ब्राउझरच्या नादी न लागता कॉम्प्युटरवरच एक प्रोग्राम बसवून घ्यावा हे आमचे मत आहे. पीडीएफसॅम बेसिक नावाचा प्रोग्राम फुकट आहे, तो आपल्याच मशीनवर काम करतो. तो त्यांच्याच मूळ वेबसाईटवरून उतरवावा, कोणी पेन ड्राइव्हवर दिलेला घेऊ नये. बसवताना पैसे देऊन घ्यायच्या मोठ्या प्रोग्रामची जाहिरात दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, जे चाकण चौकातील किंवा भोसरीतील झेरॉक्सच्या दुकानात जाऊन व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतात आणि तेथील मुलाकडून पाने वेगळी करून घेतात, त्यांच्यासाठी. त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडच्या कप्प्यात आपल्या आधी आलेल्या पन्नास लोकांचे आधार, पगारपत्रके आणि करार पडलेले असतात, उघडून पाहिले तर कळेल. आपले काम झाले की तेथेच उभे राहून मूळ फाईल, तिचे सर्व तुकडे आणि व्हॉट्सॲपवरील ती चॅट पुसायला सांगावी आणि मग रिसायकल बिन रिकामा करायला सांगावा. दुकानदार भला असेल तर हसून करील. कुरकुर केली तर पुढच्या वेळी दुसरे दुकान पाहावे, या पट्ट्यात झेरॉक्सची दुकाने कमी नाहीत.